किल्ली कुणाकुणाकडे?

महिन्याचा पहिला आठवडा आला, की आमच्या घरात एक ठरलेला कार्यक्रम असतो. सकाळची कामं आटोपली, की सासूबाई चष्मा पुसतात, आपला मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात स्टुलावर येऊन बसतात आणि म्हणतात, "बघ गं, आलं का?" 'आलं का' म्हणजे मामंजींच्या माघारी त्यांना मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन. मामंजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. पैसे जमा झाल्याचा आकडा डोळ्यांनी पाहिला, की सासूबाईंचा दिवस चांगला जातो. मग त्या स्वतःहून भाजी निवडायला घेतात.

गेल्या जुलैत असाच मी त्यांचा फोन हातात घेतला. एका हाताला कणीक लागलेली, म्हणून दुसऱ्या हाताच्या बोटानं बँकेचं ॲप उघडलं. पडद्यावर एक इंग्रजी वाक्य आलं. हे उपकरण सुरक्षित नाही, त्यामुळे ॲप चालणार नाही, अशा अर्थाचं. आणि ॲप बंद! पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. फोन बंद करून चालू केला, तरी तेच.

सासूबाई माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "गेले का गं माझे पैसे?"

खरं सांगते, त्या वेळी मला राग आला तो बँकेचा. आठ महिने सुरळीत चाललेलं ॲप आजच कसं अडलं? बरं, अडलं ते अडलं, पण कारण तरी धड सांगावं! मी बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ का होईना शिकवणारी, मला त्या वाक्याचा अर्थ लागला पण मतलब लागेना. मग सत्तरीतल्या बाईनं काय समजायचं? शाळेतून येताना बँकेत गेले. तिथल्या मुलीनं फोन बघितला आणि म्हणाली, "फोन बदलून बघा." पासबुक मात्र छापून दिलं. निवृत्तिवेतन जमा झालेलं होतं. सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. माझा पडला नाही, कारण तो फोन मी आणलेला होता.

त्याचं असं झालं. सासूबाईंचा जुना फोन गेल्या दिवाळीच्या आधी बिघडला. नवा चांगला फोन घ्यायचा म्हणजे पंधरा हजार तरी हवेत. माझ्या मानधनातून मी थोडे थोडे बाजूला टाकलेले होते, त्यात ते बसेना. माझा एक जुना विद्यार्थी फोन दुरुस्तीची कामं करतो. आठवीत मी त्याला इतिहास शिकवला होता. तो म्हणाला, "बाई, माझा स्वतःचा फोन देतो की! दोनच वर्षं वापरलाय. आजींसाठी एकदम हलका करून देतो." साडेआठ हजारांत त्यानं फोन दिला, तोही असा चकचकीत, की ह्यांनासुद्धा तो जुना आहे हे ओळखू आलं नाही. नको ती ॲप काढून टाकलेली, जाहिराती बंद, अक्षरं मोठी. मला आपल्या व्यवहारचातुर्याचं फार कौतुक वाटलं!

एकच गोष्ट होती. फोन सुरू होताना दर वेळी चार-पाच सेकंद इंग्रजीत एक सूचना यायची. फोनचं कुलूप उघडं आहे, त्याच्या सॉफ्टवेअरची खात्री देता येत नाही, असं काहीतरी. मी त्याला विचारलंही होतं. तो म्हणाला, "बाई, ते असंच येतं. लक्ष देऊ नका." आणि मी लक्ष दिलं नाही. वर्गात पोरांना 'वाक्य पूर्ण वाचा' म्हणून ओरडणारी मी!

ह्यांच्या कानावर गोष्ट गेली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "स्वस्त ते मस्त नसतं." बोलणं खोटं नव्हतं, पण लागायचं ते लागलंच. त्या रात्री मला झोप नाही. पैसे गेले नव्हते हे खरं, पण उद्या जाणार नाहीत कशावरून?

शनिवारी भाचा आला. माझ्या मोठ्या वन्संचा मुलगा. पुण्यात नोकरी करतो, आणि योगायोग असा, की ॲपची सुरक्षा तपासणं हेच त्याचं काम. चहा होईपर्यंत त्यानं फोन उलटासुलटा केला आणि म्हणाला, "मामी, हा फोन रूट केलेला आहे. आणि रूट केलंय हे लपवलेलंही आहे."

मी म्हटलं, "बाबा रे, मला समजेल असं सांग."

मग त्यानं जे सांगितलं, ते मी माझ्या भाषेत तुम्हांला सांगते. अँड्रॉइडच्या फोनमध्ये प्रत्येक ॲपला स्वतंत्र क्रमांक आणि स्वतंत्र खोली असते. बँकेच्या ॲपला आपल्या खोलीतलं दिसतं, फोटोंच्या ॲपला आपल्या. दुसऱ्याच्या खोलीत डोकवायचं नाही, हा घराचा नियम. पण एक क्रमांक असा असतो, की त्याला सगळ्या खोल्या उघड्या. तो क्रमांक शून्य. शाळेत शून्य म्हणजे नापास, इथे शून्य म्हणजे सर्वाधिकारी! त्यालाच 'रूट' म्हणतात. फोन विकताना कंपनी हा अधिकार कुणाच्याच हाती देत नाही, आपल्याही नाही. हौशी लोक फोन सुरू होण्याच्या जागेचं कुलूप उघडतात आणि तो मिळवतात.

मला चटकन आठवले ते शिवाजी महाराजांचे किल्ले. मुलांना दर वर्षी शिकवते मी. महाराजांनी एका किल्ल्यावर एकच सर्वाधिकारी ठेवला नाही. हवालदार, सबनीस आणि कारखानीस, तिघेही तोलामोलाचे. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे, हिशोब सबनिसाकडे, कोठार कारखानिसाकडे. का? तर एक जण फितूर झाला, तरी किल्ला जाऊ नये. भाचा म्हणाला, "मामी, अगदी हेच! रूट म्हणजे तिघांचा कारभार एकाच्या हाती. तो माणूस चांगला असेल तर ठीक, पण त्यानं कुणाला आत घेतलं, तर अडवणारं कुणी नाही."

"पण मग आठ महिने बँकेला हे कळलं कसं नाही?" मी विचारलं.

खरी गोम इथेच आहे. पूर्वी ॲप फोनमध्येच शोधाशोध करायची. रूट करणारी 'एस यू' या दोन अक्षरी नावाची फाइल कुठे आहे का, अमुक नावाचं ॲप आहे का, मूळ सॉफ्टवेअरमध्ये कुणी हात घातला आहे का. सापडलं, की ॲप बंद. मग लपवाछपवी सुरू झाली. 2016 मध्ये 'मॅजिस्क' नावाचं साधन निघालं. ते फोनच्या मूळ सॉफ्टवेअरच्या कप्प्याला हातच लावत नाही, फोन सुरू होतानाच आपली माणसं आत पेरतं. अशा साधनांनी मग अमुक ॲपला यातलं काहीच दिसू द्यायचं नाही, अशीही सोय केली. बँकेचं ॲप विचारतं, "घरात कुणी आहे का?" आणि उत्तर मिळतं, "छे, कुणी नाही!"

आता सांगा, फितूर पहारेकऱ्यालाच जर विचारलं, 'दरवाजा नीट लावलास ना?', तर तो 'हो' म्हणणार नाही तर काय! भाच्याच्या धंद्यातली सगळी डोकेदुखी ही आहे. फोनला फोनबद्दल विचारायचं, आणि उत्तर देणारा तोच.

यावर तोड काय? ती मला समजली ती सोन्यावरून. सराफ म्हणतो सोनं बावीस कॅरेटचं आहे. आपण त्याच्या शब्दावर राहतो का? आपण हॉलमार्क बघतो. 1 एप्रिल 2023 पासून तर हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकडी एचयूआयडी असल्याशिवाय तो विकताच येत नाही, आणि तो क्रमांक बीआयएसच्या ॲपवर आपल्याला पडताळून बघता येतो. म्हणजे ग्वाही देणारा सराफ नव्हे, तिसराच. फोनचंही तसंच. आजकालच्या फोनमध्ये एक सुरक्षित कप्पा असतो. त्यात कारखान्यातच एक गुप्त शिक्का बसवलेला असतो आणि वरचं सॉफ्टवेअर कितीही फितूर झालं, तरी त्याला तो शिक्का बाहेर काढता येऊ नये अशी रचना असते. बँकेचा सर्व्हर दर वेळी एक नवा, एकदाच वापरायचा संकेतशब्द पाठवतो. फोन सुरू होताना कुलूप लागलेलं होतं की उघडं, ही नोंद त्या शिक्क्यासह जाते, गूगल ती तपासतं आणि निवाडा होतो तो बँकेच्या सर्व्हरवर, फोनवर नाही. याला 'प्ले इंटिग्रिटी' म्हणतात. 2025 मध्ये गूगलनं अँड्रॉइड 13 आणि त्यापुढच्या फोनांसाठी ही तपासणी या शिक्क्याच्या आधारानं करायला सुरुवात केली. बँकेनंही आपल्या ॲपची नवी आवृत्ती काढली होती. म्हणून आठ महिने लपलेली गोष्ट जुलैत उघडी पडली.

रिझर्व्ह बँकेनंही फेब्रुवारी 2021 मध्ये डिजिटल व्यवहारांच्या सुरक्षेबद्दल बँकांना निर्देश दिले. फोन रूट केलेला असेल तर ॲप चालूच द्यायचं नाही, अशी तपासणी बसवता येते का ते बँकांनी बघावं, असं त्यात आहे. म्हणजे मी जिला उद्धट म्हणत होते, ती बँक आपलं काम करत होती!

अर्थात ही तपासणीसुद्धा रामबाण नव्हे. एखाद्या फोनचा शिक्काच चोरीला जातो आणि लबाड लोक तो दुसऱ्या फोनला लावतात. मग गूगल तो शिक्का रद्द करतं. हा चोर-पोलिसांचा खेळ चालूच राहणार. म्हणून शहाणी ॲप एकाच कुलपावर विसंबत नाहीत. पिन निराळा, रकमेची मर्यादा निराळी, आणि महत्त्वाचे निर्णय फोनवर न घेता आपल्या सर्व्हरवर घ्यायचे. आपण नाही का, दागिने कपाटात, कपाटाची किल्ली डब्यात, आणि डबा तिसरीकडेच ठेवत!

एवढं सांगून झाल्यावर भाच्यानं फोनमधली एक यादी उघडून दाखवली. सगळ्या खोल्या उघडण्याची परवानगी कोणाकोणाला दिली आहे, त्याची. तीन नावं होती. एक जाहिराती अडवणारं, एक फोनची नक्कल साठवून ठेवणारं. तिसरं बॅटरी वाचवतो म्हणणारं, कुठल्या तरी अनोळखी ठिकाणाहून घेतलेलं. माझ्या विद्यार्थ्याच्या ते लक्षातही राहिलं नसेल.

"यानं काय केलं असेल रे?"

"काही केलंच असेल असं नाही, मामी. पण बँकेचे ओटीपी वाचता आले असते, पडदा बघता आला असता, दुसऱ्या ॲपनं साठवलेलं उघडता आलं असतं."

मैत्रिणींनो, 'केलं नाही' आणि 'करता आलं असतं' यांत केवढं अंतर आहे, ते त्या दिवशी मला कळलं. आठ महिने आमच्या घराची किल्ली एका अनोळखी माणसाकडे होती!

मग रात्री मी आणि सासूबाई पासबुक घेऊन बसलो. आठ महिन्यांची एकेक नोंद, पेन्सिलीनं खूण करत. औषधं, विजेचं बिल, नातीच्या वाढदिवसाची सायकल. सगळं जुळत गेलं. एकच नोंद जुळेना. दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला पाचशे रुपये गेलेले. एकदा नव्हे, आठ वेळा. माझ्या पोटात गोळा आला. मी म्हटलं, "आई, सापडलं बघा!"

सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "ते माझं आहे."

गावी त्यांची धाकटी बहीण एकटी असते. तिला त्या दर महिन्याला पाचशे रुपये पाठवत होत्या. माझी सातवीतली मुलगी त्यांना पाठवायला मदत करायची आणि आजी-नातीनं हे आमच्यापासून जपून ठेवलं होतं. आम्ही कुणी नाही म्हटलं असतं असं नाही. पण विचारावं का लागावं? उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या नावावर दरमहा काही येत होतं, आणि त्यातलं थोडं कुणाला न विचारता द्यावं, एवढीच त्यांची हौस होती.

मला फार ओशाळल्यासारखं झालं. मी पैसे शोधायला गेले आणि त्यांच्या मनाच्या कप्प्यात हात घातला. मी त्या नोंदीपुढेही पेन्सिलीनं खूण केली आणि पासबुक मिटलं. ह्यांना फक्त 'सगळं बरोबर आहे' एवढं सांगितलं. (आज हे लिहिते आहे ते सासूबाईंना विचारून. त्या म्हणाल्या, "लिही, आता सगळ्यांना कळलंच आहे. पण रक्कम वाढवली असती तर बरं झालं असतं!")

त्या रात्री मला वाटलं, चोरी काय फक्त पैशांची होते? फोनमध्ये आपलं काय काय असतं! माहेरी पाठवलेला निरोप, डॉक्टरांनी दिलेला रिपोर्ट, मैत्रिणीपाशी रडून केलेलं बोलणं. लपून बसलेल्या माणसाला पाचशे रुपयांची ती नोंदही दिसली असती आणि त्यामागचं सगळंच.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला बोलावून घेतलं. आला, पायाशी वाकला. मी रागावायचं ठरवलं होतं, पण तो इतक्या सरळपणानं बोलला, की राग निघेना. म्हणाला, "बाई, वाईट हेतू नव्हता. फोन जोरात चालावा म्हणून केलं होतं. आणि लपवलं ते बँकेची ॲप चालावीत म्हणून." मग जरा घुटमळून म्हणाला, "पण बाई, पैसे मोजून घेतलेला माझा फोन, मग त्याची सगळी किल्ली माझ्याकडे का नको?"

प्रश्न रास्त आहे. भाच्यानंही मान डोलावली. जाणकार माणसं विचारपूर्वक असं करतात, जुन्या फोनांना त्यामुळे आणखी काही वर्षं आयुष्य मिळतं, हे त्यानं कबूल केलं. मी एवढंच म्हटलं, "बाळा, तुझ्या घरात तू दहा किल्ल्या करून ठेव. पण घर विकताना, एक किल्ली आणखी आहे आणि ती कुणाकडे आहे ते ठाऊक नाही, हे घेणाऱ्याला सांगायला नको का? मी तुला विचारलं होतं. तू 'असंच येतं' म्हणालास."

पोराची मान खाली गेली. तोच फोन घेऊन कंपनीच्या सेवा केंद्रात गेला. तिथे मूळ सॉफ्टवेअर नव्यानं भरलं, कुलूप परत लावलं. खर्च त्यानं दिला, मी नको म्हणत असतानाही. आता फोन सुरू होताना ती सूचना येत नाही. बँकेचं ॲप मुकाट्यानं उघडतं.

सेकंडहँड फोन आपण सगळ्याच घेतो, पोराबाळांसाठी, घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी. म्हणून भाच्याकडून विचारून घेतलेल्या चार गोष्टी इथे सांगते. फोन घेण्याआधी तो आपल्यासमोर बंद करून चालू करायला लावा आणि सुरुवातीला येणारं प्रत्येक वाक्य वाचा. कुलूप उघडं असल्याची सूचना आली, तर फोन परत ठेवा. दुसरं, प्ले स्टोअरमध्ये वर आपल्या चित्रावर बोट ठेवून सेटिंग्ज आणि मग 'अबाउट' उघडा. तिथे फोन 'सर्टिफाइड' आहे की नाही ते लिहिलेलं असतं. मात्र तेवढ्यावरच विसंबू नका, कारण लपवणारे तेही फसवू बघतात. तिसरं, *#06# दाबलं की फोनचा आयएमईआय क्रमांक दिसतो. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश 14422 वर पाठवला, तर फोनच्या क्रमांकाची माहिती कळते. फोन चोरीचा निघू नये म्हणून हे आधीच करावं. चौथं, फोन 'रीसेट' केला की सगळं जातं असं मला वाटत होतं. तसं नाही. आपले फोटो जातात, पण उघडं कुलूप उघडंच राहतं. शंका आली तर सेवा केंद्र गाठावं, आणि फोन शुद्ध झाल्यावर पासवर्ड अन् पिन सगळे बदलावेत. पैसे गेल्याचं लक्षात आलं, तर वाट न बघता 1930 ला फोन करावा आणि बँकेला कळवावं.

आणि ॲप बनवणाऱ्यांना माझं एक सांगणं, भाच्यामार्फत पोचवलंही आहे. अडवा जरूर, पण कारण आमच्या भाषेत सांगा. 'तुमचे पैसे सुरक्षित आहेत, पण या फोनमध्ये दोष आहे, अमुक ठिकाणी जा', एवढी दोन वाक्यं मराठीत आली असती, तर सासूबाईंची ती रात्र आणि माझ्या तीन रात्री वाचल्या असत्या. भाचा म्हणाला, "मामी, हे आमच्या मीटिंगमध्ये कुणी म्हटलंच नव्हतं!"

माझ्या आजेसासूबाईंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा म्हणतात. रात्री निजताना त्या एकेक किल्ली चाचपून मोजायच्या. घरात हसायचे सगळे त्यांना. मी आता हसत नाही. सासूबाई परवा फोन सुरू करून चार-पाच सेकंद पडद्याकडे टक लावून बघत बसल्या होत्या. मी विचारलं, "काय बघताय, आई?"

म्हणाल्या, "काही येत नाही ना, ते बघतेय."